कुलूप त्यांचे, पैसे आपले

'क्रिकेट ०७' हा गेम आज रोख पैसे मोजून घ्यायचा म्हटला तरी कुठल्या दुकानात मिळत नाही. ईए कंपनीने तो नोव्हेंबर २००६ मध्ये आणला, कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने तो बनवला आणि त्यानंतर ईएने क्रिकेटचा नादच सोडला. हक्क घेतले होते ते इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या संघांचे. भारतीय खेळाडू त्यात भलत्याच नावांनी मैदानात उतरायचे आणि ती नावे दुरुस्त करणाऱ्या फायली पेनड्राइव्हवरून या घरातून त्या घरात जायच्या. तरीही उरण-पनवेलपासून नागपूरपर्यंत एका पिढीचे संगणकावरचे क्रिकेट म्हणजे हाच गेम. ऑनलाइन दुकानांपैकी तो स्टीमवर नाही, गॉगवर नाही, खुद्द ईएच्या दुकानातही नाही. २००५ च्या 'नीड फॉर स्पीड : मोस्ट वॉन्टेड'ची तीच गत. ज्याला हे गेम हवेत त्याने जुनी डिस्क शोधावी, नाहीतर चोरीची प्रत उतरवून घ्यावी. गंमत अशी की नक्कल रोखण्यासाठी कुलूपबंद केलेली डिस्क मिळालीच तर ती नव्या संगणकावर बहुधा चालणार नाही. चोरीची प्रत मात्र हमखास चालेल. प्रामाणिक गिऱ्हाईक दाराबाहेर आणि चोर घरात, अशी ही उलटी व्यवस्था आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की ही व्यवस्था अपघाताने उभी राहिलेली नाही. गेमला लावलेले कुलूप कधी काढायचे, याची जबाबदारी कुणावरच टाकलेली नाही, म्हणून ती उभी राहिली आहे. आणि ती जबाबदारी कुलूप लावणाऱ्यावर टाकण्याइतकी सामग्री आपल्या कायद्यात आजही आहे.

या कुलपाची करामत जवळून पाहण्यासारखी आहे. २००० च्या आसपास 'सेफडिस्क' नावाची पद्धत सर्रास वापरात होती. डिस्क तयार होतानाच तिच्यावरचे काही सेक्टर मुद्दाम बिघडवून ठेवलेले असत. ड्राइव्हने ते वाचायला घेतले की चूक यायची. आणि चूक आली म्हणजे डिस्क अस्सल, असा हिशेब. घरच्या सीडी-रायटरला त्या चुका हुबेहूब उतरवता येत नसत, म्हणून नक्कल लगेच पकडली जाई. पण ही तपासणी करायला विंडोजच्या पार गाभ्यात एक ड्रायव्हर बसवावा लागे, आणि इतक्या आत बसलेल्या ड्रायव्हरमध्ये भोक निघाले तर सगळा संगणकच उघडा पडतो. २००७ मध्ये नेमके तसे भोक सापडले आणि त्याचा गैरवापरही झाला. शेवटी मायक्रोसॉफ्टने २०१५ च्या विंडोज १० मध्ये सेफडिस्कला थाराच दिला नाही, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जुन्या विंडोजवरही एका सुरक्षा अपडेटने तो ड्रायव्हर बंद केला. मायक्रोसॉफ्टचे काही चुकले असे म्हणता येत नाही. पण परिणाम काय झाला? ज्याने दुकानातून पावती घेऊन डबा आणला होता, त्याची डिस्क मुकी झाली. ज्याने फुटपाथवरून पांढरी सीडी उचलली होती, त्याच्या प्रतीत कुलूपच नव्हते. त्याला काही कळलेसुद्धा नाही.

यावर सांगितले जाते की डिस्कचा जमाना गेला, आता सगळे ऑनलाइन मिळते, तेव्हा जुने गेम डिजिटल विकत घ्या म्हणजे झाले. स्टीमवर २०१५ पासून किमती रुपयांत दिसतात, यूपीआयने पैसे देता येतात. सोय झाली हे खरे. पण 'ग्रँड थेफ्ट ऑटो ४' चे काय झाले ते पाहावे. २००८ च्या डिसेंबरात संगणकावर आलेल्या या एका गेमला तीन पहारेकरी होते. सेक्युरॉम नावाचे कॉपी प्रोटेक्शन, कंपनीचा स्वतःचा 'सोशल क्लब', आणि वर मायक्रोसॉफ्टचे 'गेम्स फॉर विंडोज लाइव्ह'. या शेवटच्यात खाते उघडून आत शिरल्याशिवाय खेळलेला भागही जतन होत नसे. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१३ मध्ये त्या सेवेचे दुकान बंद केले आणि पुढे सेवेकडे पाठ फिरवली. गेम मात्र तिच्याच दारात उभा राहिला. जानेवारी २०२० मध्ये अशी वेळ आली की नव्या गिऱ्हाइकाला द्यायला किल्ल्याच उरल्या नाहीत, म्हणून हा जगप्रसिद्ध गेम स्टीमवरून विक्रीतूनच काढावा लागला. दोन महिन्यांनी तो परतला, पण मल्टिप्लेअर गमावून. त्याआधी २०१८ मध्ये संगीताचे करार संपले म्हणून त्यातली बरीच गाणी एका अपडेटने काढून टाकली होती, आणि तीही नव्या विक्रीतून तेवढी नव्हे, दहा वर्षांपूर्वी पैसे दिलेल्यांच्या संगणकांतूनसुद्धा. म्हणजे डिजिटल खरेदीने कुलूप गेले नाही. ते डिस्कवरून सर्व्हरवर गेले, एवढेच. आणि डिस्कवरचे कुलूप निदान आपल्या घरात तरी होते.

कंपन्यांनाही हे कुलूप जड जाते, याचा पुरावा त्यांनीच दिलेला आहे. २००८ मध्ये युबिसॉफ्टच्या 'रेनबो सिक्स : व्हेगास २' साठी एक अपडेट आले आणि गेम अचानक ड्राइव्हमध्ये डिस्क मागू लागला. ज्यांनी तो ऑनलाइन घेतला होता त्यांच्याकडे डिस्क असणार कुठून! तोडगा म्हणून कंपनीकडून जी फाईल गिऱ्हाइकांना मिळाली, ती 'रीलोडेड' या चोरट्या टोळीने बनवलेली नो-सीडी क्रॅक निघाली. स्टीमवर विकल्या जाणाऱ्या 'मॅक्स पेन २' मध्येही 'मिथ' या अशाच एका टोळीची खूण लोकांना सापडली. ज्या कृत्याला एरवी चोरी म्हणायचे, तेच कृत्य आपला जुना माल चालता ठेवायला वापरायचे, यातला विनोद सोडून देऊ. पण यातून एक गोष्ट पक्की होते : जुन्या गेमचे कुलूप काढणे ही तांत्रिक अशक्यता नाही. ते काढलेलेच असते. फक्त अधिकृत माणसाने काढून द्यायचे बाकी असते.

विकत घेतले म्हणजे नक्की काय मिळाले, हा या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे, आणि तो उरण तालुक्यातल्या जासईसारख्या गावाला नवा नाही. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारे सिडको महामंडळ आले, त्या नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ च्या १६ आणि १७ तारखेला याच परिसरात, जासईच्याच दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच माणसे गेली. त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. त्या जिवांशेजारी गेमचे नाव घेणे पोरकट ठरेल आणि तशी बरोबरी मी करत नाही. मुद्दा कागदाचा आहे. साडेबारा टक्क्यांतला भूखंड हाती आला तो भाडेपट्ट्याने. सातबारावरच्या शेतासारखी ती मालकी नव्हे, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. हस्तांतर करायचे तर सिडकोची परवानगी, वर शुल्क. लोकांनी यावर तक्रारी केल्या, आजही करतात, आणि त्या रास्त आहेत. पण या भाडेपट्ट्याची स्टीमवरच्या हक्काशी तुलना करून पाहा. भाडेपट्ट्याला मुदत असते आणि ती कागदावर लिहिलेली असते. त्याची नोंदणी होते. शुल्क भरून तो विकता येतो. माणूस गेला तर वारसाचे नाव लागते. गेमच्या परवान्याला यातले काहीही नाही. मुदत लिहिलेली नाही, कारण ती समोरच्याच्या मर्जीवर आहे. खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, मृत्युपत्राने मुलालाही देता येत नाही. अटी बदलायचा अधिकार एकाच बाजूला. मग ज्या बटणावर खरेदी असे लिहिले आहे ते दाबून माणसाला भाडेकरूइतकेही हक्क मिळत नसतील, तर ते लिहिणे खोटे आहे.

कॅलिफोर्निया राज्याने हे खोटे ओळखले. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे कायदा झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला : डिजिटल वस्तू कायमची देत नसाल, तर आपण परवाना देत आहोत हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' म्हणायचे नाही. स्टीमने त्याआधीच पैसे भरण्याच्या पानावर तशी ओळ टाकली. प्रामाणिकपणाची ही पहिली पायरी म्हणून ठीक आहे, पण मला ती अपुरी वाटते. 'तुमच्या हाती काही लागणार नाही' असे सांगून पैसे घेतले म्हणून व्यवहार न्याय्य होत नाही, फक्त स्पष्ट होतो.

आपल्याकडचा कायदा त्याहून पुढे जायला वाव देतो, असे माझे मत आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा; २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५-अ आले. तांत्रिक कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असे ते म्हणते. वाचणारा इथेच घाबरून थांबतो. पण पुढचे शब्द महत्त्वाचे आहेत : कुलूप तोडण्यामागे कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू असला पाहिजे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणे हाच मुळात दोष धरला आहे, अपवाद मागून घ्यावे लागतात. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रंथालयांनी जुने गेम संशोधकांना दुरून वापरू देण्यासाठी मागितलेला अपवाद तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने नाकारला. आपल्या संसदेने हेतूची अट घातली, हे शहाणपणाचे केले. शिवाय कलम ५२ प्रमाणे संगणक-प्रोग्राम कायदेशीरपणे जवळ असणाऱ्याला तो ज्या कामासाठी मिळाला त्या कामी वापरण्यापुरती प्रत किंवा त्यात बदल करता येतो, नाशापासून बचावासाठी जादा प्रत ठेवता येते, आणि स्वतःच्या बिगरव्यापारी वापरासाठीही प्रत काढता येते. पावती असलेल्या माणसाने आपली बंद पडलेली डिस्क चालावी म्हणून कुलूप काढले, तर त्यात भंगाचा हेतू कुठे आला? माझ्या वाचनाप्रमाणे आला नाही. पण हे वाचन माझे आहे. न्यायालयाने किंवा सरकारने ते स्पष्ट केलेले नाही, आणि तोवर सामान्य माणसाला क्रॅक शोधायला व्हायरसांनी भरलेल्या आडवाटांवरच जावे लागते. चोरीच्या प्रतीला मात्र कायद्यात सूट नाही आणि नसावी. कलम ६३-ब त्यासाठी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. फरक पावतीचा आहे, आणि तो टिकला पाहिजे.

'पण तुम्ही अटी मान्य केल्या होत्या,' हा यावरचा ठरलेला जबाब. चाळीस पानांच्या इंग्रजी मजकुराखाली 'आय ॲग्री' दाबण्याला मान्यता म्हणायचे का, हा वाद मी घालत बसत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने याहून उपयोगी गोष्ट सांगून ठेवली आहे. २ मार्च २०२१ रोजी न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने 'इंजिनिअरिंग ॲनालिसिस' खटल्याचा निकाल दिला. परदेशी सॉफ्टवेअरसाठी दिलेले पैसे हे रॉयल्टी की मालाची किंमत, असा प्रश्न होता. ही रॉयल्टी नव्हे, ही तर वस्तूची विक्री, असे सॉफ्टवेअर घेणाऱ्या-विकणाऱ्या कंपन्यांनीच मांडले. आणि न्यायालयाने परवान्याच्या कलमांपलीकडे जाऊन व्यवहाराचे खरे स्वरूप पाहिले आणि ते मान्य केले. त्याआधी २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात तयार सॉफ्टवेअरला 'माल' ठरवलेच होते. हे दोन्ही निकाल करांच्या प्रकरणातले आहेत आणि गेमच्या गिऱ्हाइकाला ते जसेच्या तसे लागू होतील, असा दावा कुणी वकील करणार नाही. युरोपातही चित्र सरळ नाही : तिथल्या न्यायालयाने २०१२ मध्ये डाउनलोड केलेले सॉफ्टवेअर पुन्हा विकायला मुभा दिली, तर फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टीमवरच्या गेमना ती नाकारली. तरी एवढे विचारायला हरकत नाही की कर भरायच्या वेळी विक्री आणि गिऱ्हाईक दारात आले की परवाना, हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असेल? आपला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ई-कॉमर्सची व्याख्या करताना डिजिटल उत्पादनांची खरेदी आणि विक्री असेच म्हणतो. अन्याय्य कराराची वेगळी व्याख्याही त्यात आहे. सबळ कारणाशिवाय एका पक्षाला एकतर्फी करार संपवण्याचा हक्क देणारी अट त्या व्याख्येत बसते.

आता खऱ्या आक्षेपाकडे येऊ. कुलपे हौसेने लावली नाहीत; चोरीमुळे लावली, आणि भारत त्या बाबतीत साव नव्हता. हे नाकारण्यात अर्थ नाही. डेनुव्हो या आजच्या कुलपाविषयी २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या एका संशोधकाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष कंपन्यांच्या बाजूचा आहे : गेम आल्याआल्या कुलूप तुटले तर उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी घटते. पण त्याच अभ्यासाचे दुसरे टोकही वाचले पाहिजे. सुमारे १२ आठवड्यांनंतर कुलूप तुटले तर फरक जवळपास उरत नाही. कंपन्यांना हे ठाऊक असावे, कारण कित्येकजणी काही महिन्यांनी डेनुव्हो आपणहून काढतात. म्हणजे कुलपाचे काम तीन महिन्यांचे आहे. मी पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या गेमबद्दल बोलतो आहे. तिथे कुलूप कुणाचे काय राखते? आणि मुळात कुलपाशिवाय धंदा बुडतो हेही खरे नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये गॉग हे दुकान काढले ते जुने गेम कुलपाविना विकायला. आजच्या विंडोजवर चालतील असे दुरुस्त करून, पूर्ण इन्स्टॉलर हातात देऊन. त्याच घरचा 'द विचर ३' पहिल्या दिवसापासून तिथे कुलपाविना होता आणि २०२३ पर्यंत त्याच्या ५ कोटींहून अधिक प्रती खपल्या. फुकट मिळत असूनही लोकांनी तो विकत घेतला.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सर्व्हर चालवायला पैसे लागतात, कायमचे चालवा असे कोण म्हणेल? मी म्हणत नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' २०१४ चा. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला, कारण गाडी रस्त्यावर आणायलासुद्धा सर्व्हरची परवानगी लागत होती. त्यातून रॉस स्कॉट यांची 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि युरोपीय नागरिकांच्या तिच्या निवेदनावर २०२५ मध्ये १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. मागणी साधी आहे : जाताना किल्ली ठेवून जा. निव्वळ ऑनलाइन खेळांच्या बाबतीत हे अवघड आहे, हे मी मान्य करतो. त्यात इतर कंपन्यांचे विकत घेतलेले भाग असतात, ते वाटता येत नाहीत. तिथे निदान खाजगी सर्व्हर चालवणाऱ्यांवर खटले न भरण्याची हमी देता येईल. एकट्याने खेळायच्या गेमला मात्र ही सबब नाही. संगीताचे आणि मोटारींचे करार संपतात, हेही खरे. ईएने २०२१ मध्ये 'नीड फॉर स्पीड'चे पाच जुने गेम विक्रीतून काढले. पण करार संपल्यावर नवी प्रत विकू नये, इतकाच त्याचा अर्थ. विकलेल्या प्रतीत हात घालण्याचा हक्क त्यातून निघत नाही. कॅसेट कंपनीचा करार संपला म्हणून कुणी घरात येऊन कॅसेट पुसून गेले नव्हते.

राहता राहिला तो आक्षेप, जो वयस्कर मंडळी तोंडावर करतात आणि तरुण मनात ठेवतात : हे गेम आहेत, यांचे एवढे काय? फाळक्यांच्या काळात सिनेमालाही हेच म्हणत. आपल्याकडे हजाराहून अधिक मूकपट निघाले, त्यांतले फार थोडे उरले. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले ते १९६४ मध्ये, 'राजा हरिश्चंद्र'नंतर तब्बल ५१ वर्षांनी, पी. के. नायर यांनी जिथून मिळतील तिथून रिळे जमवली म्हणून आज काही पाहता तरी येते. पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे, त्याप्रमाणे प्रकाशकाला प्रती राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईच्या टाउन हॉलमधल्या ग्रंथालयातही द्याव्या लागतात. गेमसाठी असे काहीही नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने मोजले, तेव्हा २०१० पूर्वीच्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नव्हते. आपली मोजणी कुणी केलेली नाही. मुंबईत १९९९ मध्ये सुरू झालेल्या इंडियागेम्सने साध्या मोबाइलवर क्रिकेटचे आणि सिनेमांचे गेम आणले, ते लाखोंनी खेळले. मोबाइल कंपनीच्या पोर्टलवरून उतरवलेला असा गेम अनेक फोनमध्ये दुसऱ्या हँडसेटवर पाठवता येत नसे. तसे कुलूपच होते. फोन बिघडला की गेम गेला. २०११ मध्ये डिस्नीने ती कंपनी विकत घेतली, पुढे ते नावही मावळले. मराठी मुलुखात बनलेला हा खेळांचा पहिला मोठा साठा आज कुणाला दाखवायचा म्हटला तर कुठे न्यायचे? कुठेही नाही. परदेशातल्या हौशी लोकांनी कुलपे तोडून जपलेल्या काही फायली सापडतील, आणि आपल्या कायद्यामुळे त्या हौशी लोकांचे धड आभारसुद्धा मानता येत नाहीत.

तेव्हा मागणी नेमकी करावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये फसव्या डिजिटल क्लृप्त्यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याच धर्तीवर गेमच्या विक्रीपानावर मराठीसह भारतीय भाषांत लिहायला लावावे की हा गेम कोणते खाते मागतो, इंटरनेटशिवाय चालतो का, आणि कुलूप कुणाच्या सर्व्हरवर आहे. सर्व्हर बंद करणाऱ्याने, ज्यांच्याकडून पैसे घेतले त्यांना कुलपाविना प्रत किंवा परतावा द्यावा. आणि कलम ६५-अ खाली, विक्रेत्याने सोडून दिलेल्या गेमचे कुलूप पावतीधारकाने किंवा सार्वजनिक संग्रहालयाने काढणे हा गुन्हा नाही, असे सरकारने एकदा लेखी सांगावे. यासाठी नवा कायदाही लागणार नाही. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी संस्था १९७५ पासून वजनमापापासून बिल्डरांपर्यंत सगळ्यांशी भांडत आली आहे. हा विषय तिने पोरांचा म्हणून बाजूला ठेवू नये. आणि वाचकाने तोवर एवढे करावे : जुना गेम घ्यायचाच तर इन्स्टॉलर देणाऱ्या दुकानातून आधी पाहावा, घेतल्याच्या दिवशीच तो इन्स्टॉलर वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवावा, आणि पावतीचा ईमेल पुसू नये.